रेहानाचा पानचट चहा

आधी काम काय ते सांगते, नाहीतर निम्मे लोक मला मालिकेत काम करणारी समजतात आणि निम्मे केबलवाली.

टीव्हीवर नवी मालिका यायच्या आधी, किंवा मोबाइलवर बघायची सिरीज यायच्या आधी, तिचे दोन-तीन भाग आठ बायकांना एका घरात बसवून दाखवायचे आणि त्यांना काय वाटलं ते काढून घ्यायचं, हे माझं काम. मुंबईचे मालिकावाले हे काम पुण्याच्या एका कंपनीला देतात आणि कंपनी आमच्यासारख्यांना. बायका गोळा करणं, बसवणं, बोलतं करणं, सगळं रेकॉर्ड करणं आणि त्यावर अहवाल लिहिणं. आम्ही याला नुसतं 'बैठक' म्हणतो. मुंबईत याला भारदस्त नाव आहे, पण त्या नावाने बोलावलं तर सांगलीत कोणी येत नाही. बायकांना वाटतं काहीतरी विकणार.

मला याद्या करायची सवय आहे. बैठकीचे नियमही मी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. एकाच घरातल्या दोघी बोलवायच्या नाहीत. सासू असली की सून तोंड उघडत नाही, आणि दोघी जावा असल्या की मालिका बाजूलाच राहते. प्रत्येकीला दारातच विचारायचं, "घरात कोणी टीव्हीच्या किंवा जाहिरातीच्या कामात आहे का?" असेल तर गोड बोलून परत पाठवायचं, कारण धंद्यातल्या माणसाचं मत बाकीच्यांना बिघडवतं. रेकॉर्डर चालू असताना बोललं गेलं तेवढंच खरं, इकडचं तिकडचं अहवालात घालायचं नाही.

एक नियम मला सगळ्यात आवडायचा. प्रत्येक बैठकीत एक बाई अशी निघते, की तिचं तोंड सुरू झालं की बाकीच्या सात तिच्याकडे बघत बसतात. तिला समोर बसवायचं नाही. आपल्या अगदी शेजारी बसवायचं. शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही, त्यामुळे तिचा जोर आपोआप ओसरतो. आणि तिला वाटतं, आपला मान केला.

शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला. आपलं स्वतःचं मत सांगायचं नाही. चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. इतक्या वर्षांत मी इतक्या रद्दी मालिका पाहिल्या, काही अर्ध्या चांगल्या आणि अर्ध्या वाया गेलेल्या पाहिल्या, आणि एकीबद्दलही मला कोणी विचारलं नाही, "सुलभाताई, तुम्हाला कशी वाटली?" समोर बसलेल्या बायकांचा मला हेवा वाटायचा. त्यांनी पोहे खायचे, मालिका बघायची, वाटेल ते बोलायचं आणि जाताना स्टीलचा डबा घेऊन जायचं. मत मात्र त्यांचं.

पुढे ज्या हेव्याबद्दल सांगणार आहे, त्याच्यापुढे हा काहीच नव्हता.

आमच्याकडच्या बायका नावं ठेवत नाहीत. म्हणजे ठेवतात, पण तोंडावर नाही. त्यामुळे त्यांचं बोलणं उलगडावं लागतं. "बरं आहे" म्हणजे आवडलेलं नाही. "बघण्यासारखं आहे" म्हणजे दुसऱ्यांनी बघावं. "टाइमपास आहे" हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. आणि "साड्या छान आहेत" असं कोणी म्हणालं की ती मालिका सहा महिन्यांच्या आत आटोपली म्हणून समजावं.

सुरुवातीला सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे माझ्याकडे होते. वाईला एकदा काशीची गोष्ट दाखवत होते. नायिका गंगेच्या पायऱ्यांवर बसून रडत होती, आणि आठच्या आठ बायका नायिकेला सोडून मागे बघत होत्या, कारण काशी म्हणून वाईचाच घाट दाखवला होता. एकजण म्हणाली, "ती कोपऱ्यातली बादली आमची आहे." नायिकेचं पुढे काय झालं ते कोणालाच आठवेना.

जतकडे एका बैठकीत मेंढपाळ घरातली एक आजी आली होती. आता मुलगा शेती करतो, पण तिचा जन्म मेंढरांमागे गेलेला. मालिकेतला नायक मेंढपाळ. तीन भाग तो डोंगरावर गाणी म्हणत फिरत होता. शेवटी मी विचारलं, "आजी, कशी वाटली?"

आजी म्हणाली, "पोरगं देखणं हाय. पर मेंढरं कुणाकडं हायती?"

"म्हणजे?"

"आवं, कवाधरनं ह्यो गानी म्हनत हिंडतोय. मेंढरं कोन राखतंय?"

मी ते अहवालात लिहिलं. पुण्याहून फोन आला, की ही ओळ चुकून आली आहे का. मालिका लागली, दोन महिन्यांत बंद झाली. मला अजून वाटतं, आजीला कोणी नीट उत्तर दिलं असतं तर ती चालली असती.

एसटीने दोन जिल्हे करणं पाठीला झेपेना, तेव्हा साताऱ्याच्या भागासाठी कोणीतरी हवं होतं. रेहानाला मीच आणली. रहिमतपूरला तिच्या सासरचं कापडाचं दुकान. ती बी.कॉम. झालेली, चाळिशीची, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. गल्ल्यावर बसून दिवसभर बायकांशी बोलायची. मी तिला पहिल्यांदा सांगलीला माझ्या बैठकीत प्रेक्षक म्हणून बसवलं, काम कसं चालतं ते कळावं म्हणून. आलं घातलेला चहा दिला, पोहे दिले, नियमांची यादी दिली. यादी तिने घडी करून पर्समध्ये टाकली. नंतर ती कधी बाहेर काढली असेल असं मला वाटत नाही.

वर्षभरातच तिचे अहवाल माझ्यापेक्षा चांगले यायला लागले. कंपनी एकमेकींचे अहवाल एकमेकींना पाठवायची. माझ्या सांगलीच्या बायका म्हणायच्या, "बरं आहे, साड्या छान आहेत." तिच्या बायका म्हणायच्या, "ह्या पोरीला रडाया पगार हाय का?" कोयनानगरच्या बैठकीत भूकंपाचा प्रसंग होता. त्यात घर हलायला लागल्यावर सगळं कुटुंब देवघराकडे पळतं. तिथल्या बाईने म्हटलेलं होतं, "आमी भायेर पळतो. ही समदी आत कशापायी पळाली, मराया?" मालिकावाल्यांनी तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. रेहानाच्या एका बाईच्या एका वाक्यावर!

मी ते वाचायचे आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागायचं नाही. वाटायचं, ही स्वतःच घरी बसून लिहीत असणार. मग रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. सगळं खरं होतं. मागे बायकांचं हसणंही ऐकू येत होतं. माझ्या बैठकीत बायका हसत नसत. बशीवर कप ठेवल्याचे आवाज तेवढे असत.

माझ्या बायकांनाही मतं होती, हे मला माहीत होतं. बैठक संपून त्या बाहेर गेल्या की दाराशी चपला घालताना सगळं बाहेर पडायचं. "काय गं ते, डोकं उठलं." "तो नवरा म्हणजे नुसता ठोकळा." दाराच्या आत मी, हातात बंद केलेला रेकॉर्डर. नियम म्हणजे नियम. ते मी अहवालात कधी घातलं नाही.

मग पुण्याच्या ऑफिसातल्या केतनचा फोन आला. तिशीतला मुलगा, बोलणं अगदी मऊ.

"ताई, एक विचारू? रेहानाताईंच्या बायका बोलतात. तुमच्या बायका का बोलत नाहीत?"

"आमच्या सांगलीच्या बायका सभ्य आहेत," मी म्हणाले.

"हो ना. पण आता दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच जण ठेवायचं ठरतंय. ही हळदीची सिरीज दोघी करा. ज्यांचा अहवाल जास्त कामाचा, त्यांच्याकडे दोन्ही जिल्हे."

माझ्याच हातात असलेले दोन जिल्हे. त्यातला एक मी आपण होऊन दिलेला. आता दुसराही जायची वेळ आली होती.

सिरीज सांगलीतल्या हळदीच्या व्यापारी घराण्याची होती. मी म्हटलं, देवच पावला. हळद म्हटल्यावर सांगलीच्या बायका बोलल्याशिवाय राहणार नाहीत. पहिले दोन भाग खरोखर चांगले होते. सौद्याचा प्रसंग असा, की नाकात वास यावा. सासूचं काम करणारी बाई तर फारच छान. कमी बोलायची, पोत्यात हात घालून हळद बघायची आणि सुनेकडेही तशीच बघायची. तिसऱ्या भागात मात्र कोणाचा तरी हात फिरला. सासू एकदम दुष्ट झाली, सुनेला जुळी बहीण निघाली, आणि ती सून लग्नातला शालू नेसून, मोबाइलची बॅटरी लावून हळदीच्या पेवात उतरली. पेव म्हणजे जमिनीखालचं अरुंद तोंडाचं कोठार. आमच्या हरिपूरकडे पूर्वी त्यात हळद साठवायचे. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कोणी आत पाय घालत नसे, हे इथे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ही बया झाकण काढून सरळ आत!

मी आठ बायका नीट निवडल्या. दोघी हरिपूरच्या. साजूक तुपातला शिरा केला, आल्याचा चहा केला. तिन्ही भाग दाखवले. पेवाचा प्रसंग लागला तेव्हा हरिपूरच्या बाईने शेजारणीला कोपराने ढोसलेलं मी पाहिलं. विचारलं, "हा प्रसंग कसा वाटला?"

"बरा आहे की."

"काही खटकलं?"

"नाही हो ताई. साडीचा रंग छान आहे."

आणि मग बाहेर चपला घालताना खी खी खी.

कंपनीच्या नियमाप्रमाणे आम्हाला एकमेकींची एक बैठक बघता यायची. मी रहिमतपूरला गेले. रेहानाचं घर दुकानाच्या वर. जाजमावर आठ बायका गोल करून बसल्या होत्या. मी कोपऱ्यात. रेहाना ट्रे घेऊन आली. चहाचा रंग बघूनच कळलं, पानचट आहे. दूध नावाला, पावडर नावाला. तोंडाला लावला तर साखर नाही, आणि आल्याचा तर पत्ताच नाही. मनातल्या यादीत तिच्या नावापुढे मी लगेच लिहून टाकलं, 'चहा जमत नाही.' मनात म्हटलं, चला, एवढी तरी गोष्ट हिला येत नाही.

रेहाना मधोमध बसली. "कसा झालाय चहा?"

"चांगला हाय की," दोघी-तिघी म्हणाल्या.

"खरं सांगा हां. हौसामावशी, तुमी तोंड का वाकडं केलंय मग?"

हौसामावशी सत्तरीच्या. कप खाली ठेवत म्हणाल्या, "रेहाना, म्हस आटली व्हय गं तुमची?"

बायका फसकन हसल्या.

"का वं मावशी?"

"चा हाय का कप इसळल्यालं पानी?"

"साखर बी न्हाई," दुसरी म्हणाली.

"आन आलं बाजारातच ऱ्हायलं," तिसरी म्हणाली.

रेहानाने कपाळाला हात लावला. "घ्या! आन मला वाटलं, आज लय भारी झालाय."

हसून हसून बायकांचे पदर खांद्यावरून घसरले. तेवढ्यात तिने सिरीज लावली, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. जुळी बहीण आली तशी एकजण ओरडली, "आली का दुसरी! एकच सोसंना झाल्ती." सासू दुष्ट झाली तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. "चांगली बाई हुती गं, का बिघडवली?" आणि सून पेवात उतरली तेव्हा हौसामावशी बसल्या जागी अर्ध्या उठल्या.

"आगं आगं आगं! पेव उघडलं की आधी वारं जाऊ देत्यात. ही डायरेक उतरली. मेली असती की!"

"मरू द्या की मावशी," मागून कोणीतरी म्हणालं, "मालिका तरी संपंल."

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. यातलं प्रत्येक वाक्य माझ्या मनातलं होतं. फक्त ते रेहानाच्या रेकॉर्डरमध्ये जात होतं.

बायका गेल्यावर रेहानाने आम्हा दोघींसाठी चहा टाकला. आलं ठेचलं, साखर घातली, दूध उकळून आटवलं. पहिला घोट घेतला आणि मी कप खालीच ठेवला. चहा उत्तम होता. माझ्या तोडीचा.

"हे आलं मघाशी कुठे होतं?"

"हितंच हुतं की ताई," ती म्हणाली. चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "तुमास्नी सांगू? तुमच्या घरी पैल्यांदा आल्ते न्हवं का, तवा तुमचा चहा पिले. लय झ्याक हुता. मालिका भिकार हुती, पर तुमचा चहा पोटात असताना तिला नाव ठिवाया जीभच वळंना. जिच्या घरचं खाल्लं तिच्यासमोर कसं बोलायचं? घरी येताना एसटीत बसून इचार केला. म्हटलं, आधी माज्याच चहाला नाव ठिवू द्यावं. एकदा तोंड उघडलं की उघडलं."

म्हणजे ती माझ्याकडूनच शिकली होती. माझा चहा चांगला होता म्हणून! परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. मला सगळ्यात झोंबत होतं ते हे, की आयुष्यभर ज्या पाहुणचाराचा मी अभिमान बाळगला त्यानेच माझ्या बायकांची तोंडं बंद केली होती. आणि ते मला नाही, तिला दिसलं.

माझी एक बैठक शिल्लक होती. त्या दिवशी मी मन घट्ट करून पानचट चहा केला. साखरेच्या डब्याकडे हात दोनदा गेला, दोनदा मागे घेतला. कप बायकांपुढे ठेवले. त्यांनी घोट घेतला. एकमेकींकडे बघितलं.

"कसा झालाय?" मी विचारलं.

मग शेजारच्या गल्लीतल्या निर्मलाबाईंनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी.

"ताई, शुगर निघाली का हो?"

"अहो नाही..."

"लपवू नका. आमच्या ह्यांनाही अशीच निघाली. मेथ्या भिजवून घ्या रोज सकाळी."

"कारल्याचा रस," दुसरी म्हणाली.

"आणि चालायला जा. मी येते सोबत."

सुलभाताईंच्या चहात साखर नाही याचा दुसरा अर्थ त्यांना लागूच शकत नव्हता. आठही जणींनी तो चहा थेंबही न ठेवता संपवला, माझ्या काळजीपोटी. सिरीज लागली तरी माझ्या तब्येतीचंच चाललं होतं. सून पेवात उतरली तेव्हा निर्मलाबाई मला जांभळाच्या बियांची पूड कशी करायची ते सांगत होत्या. ते सगळं रेकॉर्ड झालं. केतनने ऐकलं आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

दोन्ही जिल्हे रेहानाकडे गेले. तिने फोन केला, आवाजात संकोच होता. मी म्हणाले, "अभिनंदन." आणि फोन ठेवल्यावर कपाटाच्या दारावरची नियमांची यादी नखाने खरवडून काढली. डिंक चांगला लागला होता, अर्धी तशीच राहिली.

मग घरी बसून मी साध्या माणसासारखी टीव्ही बघायला लागले. नवऱ्याला मतं सांगायचे. तो "हं" म्हणायचा.

काही महिन्यांनी रेहानाचा पुन्हा फोन. "ताई, हळदीच्या सिरीजचा फुडला भाग आलाय. सांगलीतच, विश्रामबागेत बैठक हाय. एक बाई कमी पडतीया. याल का?"

"मी? प्रेक्षक म्हणून?"

"व्हय."

नाही म्हणायचं ठरवून मी हो म्हणाले. दारातच रेहाना हातात कागद घेऊन उभी होती. चेहरा सरळ ठेवून तिने प्रत्येकीला विचारलं तसं मलाही विचारलं, "घरात कोणी टीव्हीच्या किंवा जाहिरातीच्या कामात?"

हा प्रश्न मी किती बायकांना विचारला असेल. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

"नाही," मी म्हणाले.

तिने कागदावर खूण केली. मग बाजूला झाली आणि मी आत गेले. तिच्या बरोबर समोरची खुर्ची रिकामी होती, तिथे बसले. चहा आला. तोच, कप विसळलेल्या पाण्याचा. रेहानाने विचारलं, "कसा झालाय?"

सगळ्या सांगलीच्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण निम्म्या जणी पूर्वी माझ्याच घरी येऊन गेलेल्या. मी नुसतं "छान" म्हणाले असते तर पुढचा तासभर कोणी तोंड उघडलं नसतं. रेहानाची बैठक माझ्या एका शब्दावर होती, आणि ते तिलाही कळलं होतं. खोटं कशाला सांगू, तो शब्द माझ्या जिभेवर होता. त्याची चवही चांगली लागत होती.

पण चहा खरोखरच फार वाईट होता हो.

"पानचट झालाय," मी म्हणाले. "दुधाची दया येते."

सगळ्याजणी हसल्या. आणि मग माझं तोंड जे उघडलं ते मिटेना. सिरीज सुरू झाली आणि मी बोलत सुटले. सासूला दुष्ट करून तुम्ही एकुलती एक खरी बाई मारलीत. जुळ्या बहिणीला हळदीच्या पोत्यात घालून परत पाठवा. सौद्याचा प्रसंग जिने लिहिला तिलाच पुढचं लिहू द्या. पेवाला वारं लागू द्या. इतक्या वर्षांच्या इतक्या मालिका त्या एका दुपारी बाहेर आल्या. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत बसल्या होत्या, हे मला रेकॉर्डर बंद झाल्यावर कळलं. जाताना मला स्टीलचा डबा मिळाला. तो घेऊन मी आले आणि त्या दिवशी मला शांत झोप लागली.

पुढच्या बैठकीचंही बोलावणं आलं. मी वेळेआधी जाऊन समोरची खुर्ची धरली. रेहाना आली, चष्मा डोक्यावर ढकलला आणि हसली.

"ताई, तिथं नका बसू. हिकडं या, माज्याजवळ."

बाकीच्या बायकांना वाटलं, केवढा मान केला. एकीने तर सरकून मला वाटही दिली.

मी पर्स उचलली आणि रेहानाच्या शेजारी जाऊन बसले.